मदत हवी आहे: न्यू जर्सीत स्कूल बजेटचा कुठला कागद मागू?

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षककपात होणार आहे. स्कूल बोर्ड म्हणतं, सरकारी सक्तीचा (कायद्याने करावाच लागणारा) खर्च वाढला, त्यासाठी सरकारकडून पैसे आले नाहीत. खोटं नसावं. 1975 च्या विशेष शिक्षण कायद्यातला केंद्राचा 40 टक्के वाटा आजवर कधीच पूर्ण मिळालेला नाही, आणि इथे शाळांसाठीच्या मालमत्ता कराच्या वार्षिक वाढीला साधारण 2 टक्क्यांची मर्यादा! पण आकडा कोणी सांगत नाही.

यूजर-फ्रेंडली बजेट (डिस्ट्रिक्ट लोकांसाठी जाहीर करतं तो बजेटचा सोपा सारांश) पाहिलं, त्यात सक्तीचा खर्च वेगळा नाही. बिझनेस ऑफिसचं उत्तर गोलमोल. कौन्सिल ऑन लोकल मँडेट्सकडे (राज्याने पैसे न देता लादलेल्या सक्तीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी राज्याची संस्था) केंद्राच्या सक्तीविरुद्ध दाद नाही, त्यामुळे तो सल्ला नको.

ओप्रा (सरकारी कागद मागण्याचा न्यू जर्सीचा कायदा) अर्जात मोघम 'माहिती द्या' चालत नाही, कागद नेमका सांगावा लागतो. बोर्डावर किंवा शाळेच्या हिशेबात काम केलेल्यांनी सांगावं, विशेष शिक्षणाचा खर्च आणि त्यापोटी आलेलं केंद्राचं व राज्याचं अनुदान एकत्र दिसेल असा कुठला कागद नावानिशी मागू?