साथीच्या काळातली धास्ती: नेमकं काय करायचं, किती आणि कुठे चुकतं?

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. पहिल्याच वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्य यांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं याच संघटनेने पुढे सांगितलं. 'सकारात्मक राहा' एवढ्यावर कुणाचंच भागलं नाही. म्हणून या कामात मुरलेल्यांना विनंती केली: आपबीती नको, पुढच्याला जसंच्या तसं करता येईल असं लिहा.

समुपदेशक

बातम्या पूर्ण बंद करा, असं मी सांगत नाही. बंद केल्या की माणूस चोरून दर दहा मिनिटांनी डोकावतो. त्यापेक्षा वेळ बांधून घ्या: सकाळी १५ मिनिटं, संध्याकाळी १५ मिनिटं, एकाच खात्रीच्या ठिकाणी. रात्रीच्या जेवणानंतर नाही. ज्या ग्रुपवर रुग्णांचे आकडे फिरतात ते म्यूट करा.

काळजीलाही तशीच वेळ द्या. रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीत अर्धा तास. दिवसभरात जे डोक्यात येईल ते एका ओळीत वहीत टिपायचं आणि त्या अर्ध्या तासावर ढकलायचं. तेव्हा प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यावर आज मला काही करता येईल का? येत असेल तर पहिलं पाऊल लिहा, उदाहरणार्थ 'आईची औषधं दोन आठवड्यांची आणून ठेवणे'. येत नसेल तर ओळ तशीच सोडून पुढे जा. लोक अडकतात ते इथेच. 'मला लागण होईल का' याचं उत्तर रात्रभर बसलं तरी मिळत नाही, पण ते मिळेपर्यंत उठायचं नाही असा हट्ट धरला जातो. पहिले काही दिवस विचार ढकलले जात नाहीत, पुन्हा पुन्हा येतात. तरी दोन आठवडे सोडू नका. आणि हा अर्धा तास झोपेच्या तोंडावर ठेवू नका.

श्वसनविकारांच्या वॉर्डातली फिजिओथेरपिस्ट

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दम लागण्याचा, कारण घबराटीतही दम लागतो आणि आजारातही. घाबरलं की श्वास वरवरचा, भराभर होतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. ऑक्सिजन कमी पडतोय असं समजून माणूस आणखी जोरात हवा ओढतो आणि सगळं वाढतं. म्हणून घाबरलेल्याला 'मोठा श्वास घे' सांगू नका. भर श्वास सोडण्यावर हवा.

पाठ टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने ४ आकडे मोजत हलकाच श्वास घ्या, ६ आकडे मोजत सोडा. सेकंदाला एक आकडा धरला की मिनिटाला सहा श्वास होतात. असं ५ मिनिटं. चक्कर वाटली तर श्वास फार खोल जातोय, तो लहान करा. सराव बरं वाटत असताना रोज करायचा. ऐन झटक्यात नवं काही सुचत नाही. घबराटीचा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरू लागतो.

आता ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र. बोट गार असेल, नखाला नेलपॉलिश असेल, हात हलत असेल तर रीडिंग चुकतं. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, हात छातीशी स्थिर धरा, आकडा थांबेपर्यंत निदान मिनिटभर वाट बघा आणि मगच लिहा. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढ्याच वेळा मोजा. ९७ चे ९६ झाले याला काही अर्थ नाही, एवढा फरक यंत्रातच असतो. आकडा ९४ च्या खाली राहू लागला तर डॉक्टरांना फोन करा. गडद त्वचेवर यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून लक्षणांना पहिला मान. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीत दुखत असेल, तर आकडा काहीही असो, थेट रुग्णालय गाठा.

वर्तनोपचार करणारी

हात २० सेकंद, साबणाने, एकदा. 'नीट धुतले का' म्हणून पुन्हा नळ सोडला की शंका मिटत नाही, पुढच्या खेपेला आणखी लवकर येते. घरच्यांनीही 'काही नाही होणार ना?' याचं उत्तर दहादा देऊ नये. एकदा नीट सांगा. पुढच्या वेळी म्हणा, 'घालमेल होतेय ना, चल, पाच मिनिटं बसू.'

घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी, एक परिचारिका

ताप आणि ऑक्सिजनच्या वेळा कागदावर लिहून दारावर लावा, म्हणजे अधूनमधून दाराशी कान लावून उभं राहावं लागत नाही. नातेवाइकांना खबर द्यायला घरातला एकच जण नेमा. रात्रीची पाळी वाटून घ्या. सलग जागलेल्या माणसाच्या हातून औषधांत चूक होते.

मानसोपचारतज्ज्ञ

दोन आठवडे रोज धडधड, चिडचिड, झोप उडणं, कामात लक्ष न लागणं चालू असेल तर दाखवाच. जीएडी-७ या चिंता मोजणाऱ्या सात प्रश्नांच्या चाचणीत २१ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर तपासणी हवी. ते निदान नव्हे. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. नेमक्या त्याच वेळी लोक गोळी सोडतात. तसं न करता डॉक्टरांशी बोला, आणि बरं वाटल्यावरही एकदम बंद करू नका. झोपेसाठी दुसऱ्याची गोळी किंवा दारू नको. दारूने झोप लागते, पण मध्यरात्री मोडते आणि सकाळी धास्ती वाढलेली असते.

कुणी 'जगण्यात अर्थ नाही' म्हणालं तर स्पष्ट विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं सोडू नका, घरातला औषधांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.