दोन वर्षं पात्राला हात लावू नका म्हणे!

शाईची_दौत (लातूर): ‘नोकरी सोडून कॅरॅक्टर डिझाइनकडे (कार्टून-गेमसाठी पात्रं रेखाटण्याकडे) वळणाऱ्यांनी पहिली 2 वर्षं नुसते ठोकळे आणि ॲनाटॉमी (शरीररचना) करावी’ अशी पोस्ट काल पडली आणि खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. अहो, ड्युटीवरून दमून आलेला माणूस 2 वर्षं ठोकळे काढील? तिसऱ्या महिन्यात वही माळ्यावर. तासभर मिळतो ना? 20 मिनिटं जेश्चर, म्हणजे अंगाची लय झटपट पकडणं, 30-30 सेकंदांच्या पोझ, रेघ मनगटातून नाही, खांद्यातून. पुढची 20 मिनिटं धडाचे दोनच ठोकळे, छाती आणि कंबर, एकमेकांच्या उलट कललेले. उरलेल्या वेळात पात्र, पहिल्या दिवसापासून. त्यात पंजा फसला की उद्या पंजाच घ्यायचा.

गोदाकाठ (नांदेड): पोस्ट माझीच. ते पात्र पाऊण चेहऱ्यात वळवून दाखवायला सांगा, मग बोलू. लांबचा डोळा जवळच्याइतकाच रुंद, कान गालावर आलेला. कारण डोक्याचा ठोकळाच फिरवता येत नाही. रोज पात्र काढलं तर रोज तीच चूक गिरवणार.

चिरेबंदी (संभाजीनगर): दोघांनाही चित्रकलेची एलिमेंट्री-इंटरमिजिएट आठवेना का?

शाईची_दौत: झालं, आल्या ग्रेड परीक्षा! दहावीच्या वाढीव गुणांसाठी पोरं बसवतात. स्मरणचित्र म्हणजे पाठ केलेला भाजीबाजार, संकल्पचित्रात तेच फूल-पान.

चिरेबंदी: पाठ करून घेणाऱ्यांचा राग परीक्षेवर काढू नका. मी इंटरमिजिएटच्या घनभूमितीबद्दल बोलतोय. शंकूचा प्लॅन-एलिव्हेशन, वरून आणि समोरून दिसणारी आकृती, काढतात ना? टर्नअराउंड शीट, म्हणजे एकच पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणारा कागद, तसंच असतं. समोर, पाऊण, बाजू, पाठ. आणि डोकं, हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा यांच्या आडव्या रेषा चारही आकृत्यांतून सरळ जाणार. हौशी लोक त्यात पर्स्पेक्टिव्ह घुसवतात. मग समोरून कंबरपट्टा एका उंचीवर, बाजूनं दुसऱ्या, आणि थ्रीडी मॉडेलर डोकं धरून बसतो.

गोदाकाठ: काय सांगायलाव भाऊ! शंकूला धोतर नसतंय. सुरकुत्या कमरेच्या गाठीतून आणि गुडघ्यापासून ताण जाईल तिकडं निघतात. त्या माळेगावच्या यात्रेत उभं राहून काढा. पटके, धोतरं, घोडे, उंट, सगळं समोर.

चिरेबंदी: यात्रा वर्षातून एकदा. बाकीचे दिवस? अजिंठ्याला जा, सोमवार सोडून. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा. डोकं, धड, कंबर, तिन्हींचे कल वेगळे. वेरूळ मंगळवारी बंद, तेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर इथंच येऊन बोंब माराल.

शाईची_दौत: बरं, टर्नअराउंडचं मान्य. तेवढेच गुण घ्या वाढवून. पण सिल्हूट, नुसती काळी बाह्याकृती, कुठल्या परीक्षेत आहे? एका पात्राच्या 20 आकृत्या अंगठ्याएवढ्या काढायच्या, आत काळा रंग भरायचा. पैलवान आणि तलाठी त्या काळ्यातसुद्धा वेगळे ओळखू आले पाहिजेत. हात छातीला चिकटले की बाह्यरेषेत हातच उरत नाही, नुसतं पोतं. ही नजर ठोकळ्यांतून येत नाही, पात्रंच काढावी लागतात.

गोदाकाठ: घ्या, 2 वर्षांचे 6 महिने केले. पण पोर्टफोलिओत 3 पात्रं ठेवा की 15, सगळ्यांचे हात खिशात आणि पाय गवतात असले की बघणारा ओळखतोच, याला पंजे-पावलं येत नाहीत.

शाईची_दौत: मग 6 महिने पंजे न काढता ते येणार कुठून? मी पहिल्या प्रतिसादात काय लिहिलंय ते वाचा जरा.