घटस्फोटाची बोलणी: घरात की कोर्टात?

सातारी_नातू:
माझी आतेबहीण आणि तिचा नवरा दीड वर्षापासून वेगळे राहतायत. भांडण संपलंय, दोघांनाही मोकळं व्हायचंय. तिचे मामा (म्हणजे आमचेच बाबा) म्हणतात, स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहू, नोटरीचा शिक्का घेऊ, दागिने परत, विषय संपला. मला पटतंय. कोर्टात गेलं की दोन्हीकडचे वकील कान भरतात आणि विझत आलेलं पुन्हा पेटतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे उगाच म्हणत नाहीत.

वकीलीणबाई:
उगाच नसेल, पण इथे चढावीच लागते. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही, स्टँप जुना शंभरचा असो की आताचा पाचशेचा. काही समाजांत काडीमोडाची रूढी आहे, कलम २९(२) ती मानतं. पण वाद झाला तर ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. नुसत्या त्या कागदावर विसंबून कुणी दुसरं लग्न केलं, तर सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा होतो. हे मामांना आधी सांगा.

निवांत_काका:
बाई, कायदा बरोबर, पण नातवाचा मुद्दा तुम्ही उडवून लावलात. बोलणी वेगळी, हुकूमनामा (कोर्टाचा घटस्फोटाचा आदेश) वेगळा. पोटगी किती, फ्लॅटचा हप्ता कोण भरणार, मूल कुणाकडे, हे बाहेर ठरवा, अटी लिहून काढा आणि कलम १३-ब खाली, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोटासाठी, दोघांनी मिळून अर्ज करा. मधे सहा महिने थांबावं लागतं, पण सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. दीड वर्षाचा दुरावा आणि सगळ्या बाबींची खरी तडजोड असेल तर यांचं प्रकरण त्यात बसेलही. कोर्टात जायचंच, पण भांडायला नाही.

मीच_ती:
काका, "खरी तडजोड" म्हणजे काय ते बैठकीत बसल्यावर कळतं. आमच्याकडे चहा-फरसाण ठेवून दागिन्यांची यादी झाली. पाटल्या, तोडे, मंगळसूत्राच्या वाट्यासुद्धा लिहिल्या. त्याचा पगार विचारला तर त्याचे काका म्हणाले, "सुनबाई, आता हिशेब काढतेस?" मी सही केली नाही, पोटगीचा अर्ज टाकला. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश निकालानंतर उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावंच लागतं. त्यात दोन एफडी आणि हिंजवडीचा फ्लॅट निघाला. बैठकीत याचा कुणी उल्लेखही केला नव्हता.

निवांत_काका:
तुमचा लपवणारा निघाला, सगळे तसे नसतात. आणि कोर्टात दबाव नसतो? तारखांना दमून माणूस कॉरिडॉरमध्ये मिळेल त्यावर सही करतो.

वकीलीणबाई:
करतो, खरंय. पण १३-ब मध्ये हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. आणि आईने मुलाच्या पोटगीवर पाणी सोडलं, तरी मुलाचा हक्क बुडत नाही.

सातारी_नातू:
मग बैठक घेऊच नये का?

मीच_ती:
घ्या की. पगाराच्या स्लिपा आणि बँकेची स्टेटमेंटं टेबलावर, आणि मामा बाहेरच्या खोलीत.