सही करणारा कुठून आणायचा?

‘पॅरोल म्हणजे मागच्या दाराने सुटकाच’ असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. आपल्याकडे पॅरोल ही रजा आहे, माणूस परत आत जातो. महाराष्ट्राच्या नियमांत संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे, दिवस शिक्षेत धरतात. पॅरोलचे धरत नाहीत, ते पुढे भोगावेच लागतात.

खरी अडचण जामीनदाराची, म्हणजे कैदी परत येईल अशी हमी देऊन सही करणाऱ्याची, ती इथे कुणी काढलीच नाही. सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या गल्लीतला एकजण जन्मठेपेवर येरवड्यात होता. अकरा वर्षं झालेली, वागणूक चांगली, आत मागावर काम करायचा. आई अंथरुणाला खिळली म्हणून अर्ज केला, तर सख्खा मेहुणा सही करेना. शेवटी माझ्या वडिलांनी केली. (आमची आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, तो भाग वेगळा.) पोलीस चौकशीला आले तेव्हा शेजारी दारं लावून बसले. त्याला स्टँडवरून आणायला मीच गेलो होतो. घराच्या दाराशी येऊन नुसता उभा राहिला. कडी बाहेरूनच होती, तरी कुणीतरी उघडेल म्हणून थांबलेला. मग रोज पोलीस ठाण्यात हजेरी, बाकी वेळ आईच्या उशाशी. मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी आपणहून पुण्याच्या गाडीत बसला.

आणि ‘असल्यांना मोकळं कोण ठेवील’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगोल्यावरून आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन यावं. औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली खुली वसाहत आहे, कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात.