विषय : कोल्हापूरचे सर्किट बेंच आणि आमचे राजापूरचे अपील

मंडळाच्या सर्व सभासदांना, विशेषतः वकीलकाकांना, सादर नमस्कार.

राजापूर तालुक्यातील आमच्या कलमांच्या बागेचा दावा खालच्या दिवाणी न्यायालयात आमच्या बाजूने लागला होता. गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाने तो निकाल फिरवला. बाबा ७८ वर्षांचे आहेत आणि फोनवर "आता हायकोर्ट" एवढेच म्हणतात. गावात कोणी सांगते की कोल्हापूरला वेगळे हायकोर्ट झाले आहे, तर कोणी सांगते की ते तात्पुरते असून खरा निकाल मुंबईलाच लागतो. इतक्या दुरून यातले खरे काय हे मला ठरवता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
राजापूरची माहेरवाशीण

—

चि. राजापूरच्या कन्येस अनेक आशीर्वाद.

मी सध्या देवगडला घरी आलो आहे आणि इथेही पारावर हीच चर्चा ऐकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कोल्हापूरला वेगळे उच्च न्यायालय झालेले नाही. १८६२ साली स्थापन झालेले मुंबई उच्च न्यायालय एकच आहे आणि महाराष्ट्र, गोवा तसेच दादरा-नगर हवेली व दमण-दीव एवढा प्रदेश त्याच्या अधिकारात येतो. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूर ही त्याच न्यायालयाची बसण्याची ठिकाणे आहेत. न्यायमूर्तींची मंजूर संख्या ९४ आहे. त्यांची नेमणूक मुंबई उच्च न्यायालयावर होते, एखाद्या गावावर होत नाही, आणि कोणी कुठे बसून कोणत्या प्रकारची प्रकरणे ऐकायची हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. म्हणून कोल्हापूरला बसलेल्या न्यायमूर्तींचा निकाल हा मुंबई उच्च न्यायालयाचाच निकाल असतो. त्यावर मुंबईच्या इमारतीत पुन्हा शिक्कामोर्तब व्हावे लागते, हा समज बाबांच्या मनातून काढून टाक.

'तात्पुरते' हा शब्द कुठून आला तेही सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने होते, तर राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती न्यायमूर्तींना अन्य ठिकाणीही बसवू शकतात. कोल्हापूरचे सर्किट बेंच, म्हणजे न्यायमूर्तींना असे अन्य ठिकाणी बसवण्याची सोय, या दुसऱ्या वाटेने १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. औरंगाबादलाही १९८१ मध्ये अशीच सुरुवात झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली आणि १९८४ मध्ये तिथे कायम खंडपीठ झाले. पहिल्या तीन वर्षांत तिथे दिलेले निकाल कोणी कमी प्रतीचे मानले नाहीत.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्यासोबत आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे या बेंचला जोडले आहेत. रायगड मुंबईकडेच राहिला. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी यासाठी चार दशकांहून अधिक काळ मागणी लावून धरली होती आणि मला त्याचे मोल मनापासून वाटते. मी वकिली करत असताना माझ्याकडचे एक वृद्ध पक्षकार कागदांची पिशवी उशाशी घेऊन रात्रभराच्या एसटीने मुंबई गाठत, दिवसभर कोर्टाबाहेरच्या बाकावर बसत आणि प्रकरण बोर्डावर येऊनही पुकारले गेले नाही म्हणून त्याच रात्री परत फिरत. आता राजापूरचा माणूस सकाळी घाट चढून संध्याकाळी घरी परतू शकेल. मात्र ही सोय सगळ्या कोकणाला सारखी झालेली नाही. मंडणगड, दापोलीकडच्या लोकांना मुंबईच जवळची वाटते, आणि बांदा-सावंतवाडीच्या माणसाला पर्वरीचे गोवा खंडपीठ हाकेच्या अंतरावर असूनही तिथे जाता येत नाही, कारण त्या खंडपीठाचा अधिकार गोव्यापुरता आहे. या दोन टोकांचा विचार पुढे कधीतरी व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या अपिलाविषयी. पहिले अपील जिल्हा न्यायालयात झाले आणि हे दुसरे असल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. शेजाऱ्याची साक्ष खरी की खोटी, गडगा (बागेची दगडी कुंपणभिंत) आधी कोणी घातला, हे उच्च न्यायालय सहसा नव्याने तपासत नाही. पण जिल्हा न्यायालयाने केवळ फेरफाराच्या, म्हणजे महसूल दप्तरात नाव बदलल्याच्या, नोंदीवरून समोरच्या हिस्सेदाराला मालक ठरवले असेल, तर तुमचा मुद्दा बळकट आहे, कारण फेरफार महसुली कामापुरता असतो आणि त्याने मालकी निर्माण होत नाही. निकालपत्रात तो परिच्छेद आधी शोध.

मुदत ९० दिवसांची आहे. निकालाची नक्कल मिळण्यात जाणारा वेळ त्यातून वगळला जातो, तरी अर्ज आजच द्यावा. बाग अजून तुमच्या ताब्यात असेल तर अपिलासोबतच मनाईचा अर्जही द्यावा, म्हणजे येत्या हंगामात कोणी आंबे उतरवायला आत शिरणार नाही. आणखी एक खर्च धरून ठेव. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे आपल्या उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी जबान्या आणि जुने दस्त भाषांतरित करून घ्यावे लागतील. आपल्याच बागेवरचा निकाल बाबांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार, याचे मला फार वाईट वाटते.

तुझा,
वकीलकाका

—

काका, सादर नमस्कार.

आतेभावाने आज रत्नागिरीला नकलेचा अर्ज दिला. त्याने पाठवलेल्या निकालपत्राच्या फोटोंत तो परिच्छेद सापडला. १९७२ च्या फेरफारावरच सगळी भिस्त आहे. त्याआधीचे आजोबांच्या नावाचे खरेदीखत बाबांच्या ट्रंकेत आहे आणि ते दाव्यात दाखल झालेले होते. बाबांना आपले पत्र फोनवर सावकाश वाचून दाखवले. ते म्हणाले की कोल्हापूरला ते स्वतः जातील, अणुस्कुरा घाटाने.