थंडीत सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) गळाला लागेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. परभणीजवळच्या एका छोट्या पाझर तलावावर गळ टाकतोय. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात आहे. गळाची परवानगी काढलीय. जाळं, होडी चालत नाही आणि अंधार पडायच्या आत निघावं लागतं. म्हणजे जे काय करायचं ते काठावरून, दिवसा.

पाण्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस सोडलेत. दिवाळीपर्यंत कणकेच्या गोळ्यावर रोहू मस्त लागायचा. गार पाण्यात रोहू-कटला खाणं कमी करतात, म्हणून त्यांचा नाद सोडला. पण सायप्रिनस त्यांच्यापेक्षा थंडी जास्त सोसतो, तळ उकरून खातो, आणि भिंतीजवळच्या खोल पाण्यात सकाळी बुडबुड्यांची रांग दिसते. मासा आहे तिथं, एवढं नक्की.

कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळून झाली. गांडूळ लावलं की चिलापी (तिलापिया मासा) फस्त करते (तिला थंडी कशी वाजत नाही कोण जाणे). उकडलेल्या मक्यावर तरंगा नुसता थरथरतो, बुडत नाही. ओढून पाहावं तर दाण्याचं साल एका बाजूनं चिरलेलं. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) ०.३० मिमी, गळ ८ नंबरचा, शिसं तळाला टेकलेलं. भिजवलेली पेंड मूठभरच टाकतो, जास्त टाकली तर तळाशी कुजेल.

‘धीर धरा’ सोडून काहीही सांगा. तंगूस-गळ बारीक करून खोलातच बसावं, की दुपारच्या उन्हात उथळ काठाला सरकावं? थंडीत सायप्रिनस तिकडं येतो का, आणि साधारण किती वाजता?