जुना ३८६: प्लग लावण्याआधी झाकण उघडा

जुना संगणक विकत घेताना 'विकणाऱ्याच्या घरीच प्लग लावून बघा, चालला तर घ्या' असं काहीजण सुचवतात, ते काही पटत नाही. बंद पडून असलेल्या ३८६ किंवा ४८६ला (त्या नंबरच्या प्रोसेसरचे जुने पीसी) वीज देण्याआधी मागचे स्क्रू काढून झाकण उघडा. आतल्या मुख्य बोर्डावर, कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ, बहुतेक वेळा ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिच्याभोवती हिरवट-निळी बुरशीसारखी खपली दिसली की समजायचं, आतला क्षार पाझरलाय. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत तो पसरत राहतो. बोर्डावरच्या दोनचार तांब्याच्या रेषाच गेल्या असतील तर व्हिनेगरने क्षार मारून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन, बारीक वायरीने त्या जोडता येतात. पण खपली कार्डांच्या स्लॉटमध्ये किंवा मोठ्या चिपखाली गेली असेल तर पैसे घालू नका. भंगाराच्या भावाने, नुसत्या बाहेरच्या डब्यापुरता घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं, चालू केल्यावर 'पंखा जरा हलतो नि थांबतो' म्हणून मशीन मेलं असं नव्हे. प्लग काढून पॉवर सप्लायचे बोर्डात बसणारे दोन्ही कनेक्टर काढा, बोर्डावर पिवळ्या वायरीची (१२ व्होल्ट) पिन आणि काळ्या वायरीची (ग्राउंड) पिन यांत मल्टिमीटर बीपवर ठेवून लावा. सलग बीप आली तर बहुतेक १२ व्होल्टवरचा टँटलम कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) शॉर्ट आहे. तो भाग किरकोळ किमतीचा, आणि भाव पाडायला कारणही चांगलं. ते दोन कनेक्टर परत जोडताना दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, उलटं बसलं तर बोर्ड जळालाच म्हणून समजा.